वाटीतलं पाणी आणि माझी निळी रेघ

मित्रांनो, मी आयुष्यभर रेघा ओढल्या, पण त्यांतली एकही तुम्हाला दाखवता येणार नाही. मी एक जुना कुंचला आहे. कानाझावा शहरात, आसानो नदीकाठच्या एका गल्लीत, रेशमावर रंगकाम करणाऱ्या घरात माझे दिवस गेले. रंग भरणारे कुंचले वेगळे. त्यांचं काम किमोनोवर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. माझं काम त्यांच्या आधीचं. कोऱ्या रेशमावर निळ्या रसाने नक्षीची पहिली रेघ ओढायची, एवढंच.

तुमच्या शेताच्या बांधावर केना उगवतो ना, त्याचंच एक थोराड भावंड आमच्याकडे असतं. पहाटे त्याचं निळं फूल उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं. ते मिटण्याआधीच खुडतात आणि त्याचा रस कागदाला पाजून ठेवतात. त्या कागदाचा नखाएवढा तुकडा वाटीत टाकून वर दोन थेंब पाणी सोडलं की माझं खाद्य तयार. या निळ्याचा गुण असा की पाणी लागलं की ते निघून जातं. माझ्या रेघेवरून तांदळाच्या खळीची बारीक रेघ ओढतात. खळ वाळली की वरून पाण्याचा हात फिरवतात आणि माझी रेघ नाहीशी होते. मग रंग भरतात. रंग खळीला अडून राहतात, आणि शेवटी खळ धुतली की तिच्या जागी पांढरी रेघ दिसते. लोक तिचं कौतुक करतात. तिच्याखाली मी होतो, हे कोणाच्या मनातही येत नाही.

डोंगरातल्या एका गावी एका म्हातारीने मला बांधलं. मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका रानप्राण्याच्या शेपटीचे हे केस. टोक तुटलेला एकेक केस तिने सुरीच्या पात्यावर वेचून बाजूला काढला. बांधून झाल्यावर मला कपाळाला लावून ती म्हणाली, "जा बाबा, चांगल्या हातात पड."

तो हात ईसाबुरोंचा निघाला. रेशमावर किडीने खाल्लेली पानं चितारण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. आमच्या शहराची ती रीतच आहे, पान काढायचं तर किडीने पाडलेलं भोकही काढायचं. पण ईसाबुरोंच्या भोकांतून म्हणे वारा यायचा!

त्यांचा एक नेम होता. सकाळी अंगणातल्या दगडी कुंडीतलं पहिलं पाणी फळीवरच्या देवाला ठेवायचं. मग अंगणात जे दिसेल त्यातलं एक कागदावर उतरवायचं. त्यानंतरच तोंडात घास घालायचा. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. रेशमाच्या बाबतीतही त्यांचा शिरस्ता ठरलेला होता. आधी कागद, मग रेशीम. नक्षी कागदावर पक्की व्हायची, तो कागद काचेच्या टेबलावर जायचा, टेबलाखालचा दिवा लागायचा आणि कागदावर ताणलेल्या रेशमातून नक्षी दिसू लागली की मग मी टेकायचं. निळं गेलं तरी हाताशी कागद असायचा.

एका हिवाळ्यात त्यांचा हात थरथरू लागला. त्यांनी मला धुतलं, ओठांत धरून माझं टोक जुळवलं, कागदात गुंडाळलं आणि खणात ठेवून दिलं. त्यानंतर मी फक्त ऐकत राहिलो. त्यांचा मुलगा वारल्याचं ऐकलं. सून सातोए माहेरी परत गेली नाही, सासऱ्यांच्या हाताखाली काम शिकू लागली, हेही ऐकलं. देवाचं पाणी, मग एक चित्र, मग न्याहारी. नेम आता तिचा झाला होता.

आता जे सांगायचं आहे ते नीट ऐका. आमच्या शहरात रंगाऱ्यांचं एक मंडळ होतं. कामावर स्वतःची खूण घालायची तर मंडळाची परवानगी लागे. त्याची रीत अशी होती. शिकणाऱ्याने आपलं पुरं झालेलं रेशीम घेऊन जायचं आणि कोपऱ्यात निळ्याने आपली खूण काढायची. शेजारी पाण्याची वाटी ठेवलेली असे आणि शाई उगाळायची काळी सहाण. काम पसंत पडलं नाही, तर मंडळाचे वडीलधारे वाटीत बोट बुडवून ती खूण पुसून टाकत. पसंत पडलं, तर त्याच पाण्याने शाई उगाळून खुणेवर काळी रेघ चढवली जाई.

सातोएची खूण पहिल्यांदा पुसली गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्यांदा पुसली गेली. त्या दुपारी ती आणि ईसाबुरो घरी आले तेव्हाचं बोलणं मला खणात ऐकू आलं.

"पुन्हा तेच म्हणाले, मामंजी. पानं सुंदर आहेत, पण ही ईसाबुरोंची पानं आहेत."

"माझ्याच हाताखाली शिकलीस ना तू? मग आणखी कोणाची असणार?"

"म्हणून तर पुसली."

मग ईसाबुरो म्हणाले, "मंडळापुढे शिफारस करणाऱ्या गुरूला काम स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे, असा नियम आहे. माझे डोळे आणखी एखादा हिवाळा काढतील. येत्या खेपेला नाही झालं तर हे घर बंद करायचं, सूनबाई. मी लेकीकडे जाईन."

"आणि मी?"



हिवाळा आला. सातोएच्या आईने पाठवलेलं रेशीम बांबूच्या कामट्यांवर ताणून ठेवलं होतं. दुसरं रेशीम घरात नव्हतं. मंडळाचा दिवस जवळ आला तरी ते कोरंच होतं. सातोए कागदामागून कागद रंगवी आणि फाडी. "हेही त्यांचंच," एवढं पुटपुटलेलं मला ऐकू येई. एका संध्याकाळी ती इतकी थकली की तिचा कुंचला पाण्याच्या पेल्यात तसाच राहिला.

पहाटे कडाक्याची थंडी पडली.

सकाळी माझा खण धाडकन उघडला. कित्येक वर्षांनी मला उजेड दिसला आणि त्या उजेडात सातोएचा चेहरा. ओठ पांढरे पडलेले, धाप लागलेली. पलीकडे पेल्यात तिचा कुंचला गोठून तारेसारखा ताठ झाला होता. तिने माझा कागद फाडला आणि मला मुठीत घेऊन ती अनवाणी अंगणात धावली.

कुंडीवर बर्फाचा जाड थर धरला होता. पाणी गोठत असताना वारा वाहत राहिला असावा. बर्फात एकीत एक वाकड्या रेघा उमटल्या होत्या, डोंगरउतारावरच्या शेतांच्या बांधांसारख्या. काही दाट, काही विरळ, आणि मध्ये कामेलियाच्या झाडाचं एक पान अडकलेलं. ते किडीने खाल्लेलं होतं. त्याच्या प्रत्येक भोकात हवेचा एकेक बुडबुडा गोठला होता, आणि बर्फातली प्रत्येक रेघ त्या पानाजवळ येऊन वळली होती. असं मी कधी पाहिलं नव्हतं. ईसाबुरोंच्या एकाही कागदावर ते नव्हतं.

रोजच्या नेमाप्रमाणे तिने बर्फ फोडून देवाचं पाणी काढायला हवं होतं. शेजारच्या छपरावरून ऊन खाली उतरत होतं. ते कुंडीपर्यंत आलं की सगळं संपणार होतं.

तिने बर्फ फोडला नाही. मला कमरेच्या पट्ट्यात खोचून, दोन्ही तळवे कुंडीच्या काठाला लावून ती थांबली. काठाजवळचा बर्फ सुटेपर्यंत तिने हात हलवले नाहीत. मग खालून बांबूची चपटी टोपली सरकवली आणि ती अख्खी चकती उचलली. पाणी निथळलं. तडा गेल्यासारखा बारीक आवाज झाला. ती जागच्या जागी थिजली. चकती शाबूत होती.

आत येऊन तिने ती काचेच्या टेबलावर ठेवली, भोवती फडकी गुंडाळून बांध घातला आणि खालचा दिवा लावला. बर्फातल्या रेघा उजळल्या. मग तिने रेशमाची चौकट आणली आणि बर्फावर बोटभर अंतर राखून आडवी बांधली. तिचा बेत मला कळला. आज कागद नव्हता. बर्फच कागद होता. आणि दिव्याच्या उबेने तो पहिल्या क्षणापासून वितळायला लागला होता.

वाटीत निळ्या कागदाचा तुकडा पडला. बोटाला लागलेल्या बर्फाचं पाणी तिने त्यावर सोडलं. मी भिजलो. इतक्या वर्षांनी माझं टोक जुळेल की नाही, याची मला धास्ती होती. जुळलं, मित्रांनो. ईसाबुरोंनी धुऊन ठेवलं होतं म्हणून जुळलं.

आम्ही रेघ ओढू लागलो.

"सूनबाई!" दारात ईसाबुरो उभे होते. "फळीवर देव तहानलेला बसलाय आणि तू इथे काय करतेस?"

"मामंजी, आत्ता बोलू नका."

"पाणी कुठाय?"

"मामंजी, तुमच्या पाया पडते. रेशीम हललं तर टेकेल."

ते पुढे आले. त्यांची नजर माझ्यावर पडली. माझ्याबद्दल काही तरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मग त्यांनी रेशमाखाली पाहिलं. अधू डोळे बारीक करून ते वाकले. "कागद कुठे आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही."

"रेशमावर? थेट? वेडी का खुळी तू? निळं गेलं तर पुन्हा कशावरून काढशील, आणि हा दिवा बर्फ..." त्यांनी वाक्य तोडलं. वळले आणि निघून गेले. मला वाटलं, रागावून गेले. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा त्यांची ओंजळ बर्फाने भरलेली होती. थरथरत्या हातांनी त्यांनी तो चकतीच्या कडेने थापला. पुन्हा गेले. पुन्हा आले. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या. एक थेंब रेशमाच्या काठाला लागला तेव्हा ते पुटपुटले, "या हातांना आग लागो."

"पानाकडे घ्या मामंजी, पानाजवळचा आधी जाईल."

"तू वर बघ, मी खालचं बघतो."

रेघा आखूड होत चालल्या. बुडबुडे एकेक करून सुटून वर आले आणि फुटले. शेवटची रेघ मी ओढली तेव्हा खाली बर्फ उरलाच नव्हता. फडक्यांत साचलेलं पाणी आणि त्यात एक ओलं पान होतं. पण रेशमावर सगळी नक्षी निळी उमटली होती. सातोए माझ्यासकट खाली बसली. ईसाबुरोंनी टेबलावरचं पाणी दुसऱ्या वाटीत निथळून घेतलं आणि ती वाटी नेऊन फळीवर ठेवली. त्यांनी टाळी वाजवून देवाला हाक दिली. "उशीर झाला," ते म्हणाले. "पण आजचं पाणी वेगळं आहे."

खळ घालायला तोमेकाकू आली. खळ ओढण्यात गल्लीत तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि बोलण्यातही. आल्या आल्या तिने शेगडीवर किटली चढवली. थंडीच्या कोरड्या हवेत खळ तडकते, म्हणून खोलीत वाफ धरायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

"काय हो कारागीर, तुमच्या घरात आज पूर आला होता का? बाह्या बघा!" ती हसली. मग रेशमासमोर बसली आणि गप्प झाली. तोमेकाकू गप्प झालेली मी कधी ऐकली नव्हती. "ही कोणाची नक्षी ग?"

"कुंडीतली," सातोए म्हणाली.

मेणकागदाच्या पुंगळीतून खळीची रेघ माझ्या रेघेवरून चालू लागली. डावीकडून सुरुवात झाली. सातोए खाली बसून पान निरखत होती. ईसाबुरो डोळे मिटून बसले होते. किटली हळूहळू गुणगुणायला लागली. वाफ उजव्या बाजूने वर चढत होती. ती मला दिसत होती, मित्रांनो, पण मला तोंड कुठे आहे?

"तोमेकाकू!" सातोए ओरडली.

उजवीकडची निळी रेघ जाड झाली होती. बघता बघता ती पसरली, फिकट झाली. तिच्या शेजारची पसरली. मग पान. पानाची भोकं एकमेकांत मिसळली.

ईसाबुरो उठले. त्यांनी किटली हातानेच उचलली आणि दारातून बर्फात भिरकावली. तळहात भाजला, त्याचं भान त्यांना नव्हतं. दार सताड उघडलं, गार वारा आत आला. वाफ गेली. पण रेशमाचा उजवा भाग नुसता निळसर धुक्यासारखा उरला होता.

"अग, मला काय माहीत?" तोमेकाकूचा आवाज फाटला. "मी रोजच ठेवते. कागद काढा आणि पुन्हा ओढा, त्यात काय एवढं?"

"कागद नाहीये, काकू. बर्फ होता."

सातोएचे डोळे भरून आले तशी तोमेकाकू ओरडली, "रडायचं तर बाहेर जा बाई! एक थेंब पडला तर उरलंय तेही जाईल!"

सातोएने बाहीने डोळे दाबून धरले. मग ती सासऱ्यांकडे वळली. "मामंजी, तुम्ही खालून बघत होता. तिकडच्या रेघा कशा वळल्या होत्या, आठवतंय तुम्हाला?"

ईसाबुरोंनी भाजलेला हात काखेत धरला होता. "आठवतंय."

"मग सांगा ना. मी ओढते."

"सांगेन. पण मग त्या माझ्या रेघा होतील."

दाराबाहेर किटली बर्फात चरचरत होती.

"मग काय करू?"

"ते तू ठरव, सूनबाई. या घरात आजवर सगळं मीच ठरवत आलो."

सातोए बराच वेळ त्या धुक्यासारख्या डागाकडे बघत राहिली. मग तिने फडकं ओलं करून उरलंसुरलं निळं पुसून घेतलं. तोमेकाकूने तोंडावर हात धरला. रेशीम वाळल्यावर सातोएने टेबलावरचं ओलं पान टिपलं, काचेवर ठेवलं, आणि मला हातात घेऊन फक्त ते पान पुन्हा काढलं. भोकांसकट. पानाच्या पलीकडे तिने काही काढलं नाही. डावीकडून आलेल्या रेघा पानाशी येऊन थांबल्या, आणि पुढे कोरं रेशीम.

"अपुरं वाटतंय ग," तोमेकाकू म्हणाली.

"वितळलं ते वितळलं, काकू. खोटं कशाला काढू?"

मंडळाच्या दिवशी सातोएने मला कमरेच्या पट्ट्यात खोचून नेलं. मोठ्या दिवाणखान्यात रेशीम पसरलेलं होतं. राखी, निळसर रंग कडेकडून आत फिकट होत गेलेले, पांढऱ्या रेघा आणि एक गंजलेल्या रंगाचं पान. कोपऱ्यात मी तिची खूण काढली. शेजारी पाण्याची वाटी, शेजारी सहाण. दोनदा जी खूण पुसली गेली, ती तिच्या कुंचल्याने काढलेली होती. आता पुसली गेली, तर जाणारी रेघ माझी होती.

तोमेकाकू दारामागून कुजबुजली, "वाटीतलं पाणी सांडू का चुकून?"

"गप्प बस," ईसाबुरो म्हणाले.

मंडळाचे वडीलधारे किरिहारा बसले आणि त्यांनी रेशमावर मान वाकवली. किती तरी वेळ त्यांनी वर पाहिलं नाही. "इकडे काही काढलेलं नाही," ते शेवटी म्हणाले.

"तिथे बर्फ वितळला," सातोए म्हणाली.

"ईसाबुरो, तुम्ही दुरुस्त करून का नाही दिलंत?"

ईसाबुरोंच्या तळहाताला अजून पट्टी होती. "दुरुस्त करायला ते माझं नव्हतं."

किरिहारांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कोणाला कळलं नाही. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि तर्जनी वाटीत बुडवली.

सातोएने डोळे मिटले. तिची बोटं माझ्याभोवती आवळली गेली. किरिहारांचं ओलं बोट रेशमावरून पुढे सरकलं, खुणेच्या अगदी वर आलं. बोटाच्या टोकाशी थेंब लोंबत होता. तो खाली पडला असता तर माझी रेघ गेली असती, आणि तिच्याबरोबर ते घर, ती कुंडी, तो रोजचा नेम. बोट खुणेवरून पुढे गेलं. थेंब सहाणेवर पडला.

"शाई कुठाय?" किरिहारा म्हणाले. "उगाळा कोणीतरी. माझे हात आता दुखतात."

मित्रांनो, आता माझे केस झडले आहेत आणि मी सातोएच्या खिडकीतल्या पेल्यात उभा असतो. रोज ती मला कोमट पाण्याने धुते आणि ओठांत धरून टोक जुळवते, जणू उद्याच काम आहे. तुम्हीही आपला कुंचला पाण्यात विसरू नका, एवढीच माझी विनवणी आहे. आणि सकाळी कुंडी फोडण्याआधी एकदा तिच्यात वाकून बघा.

सातोएच्या त्या रेशमाच्या कोपऱ्यात एक काळी खूण आहे. तिच्याखाली माझी एक निळी रेघ आहे. ती कोणाला दिसत नाही. पण ती पुसलेली नाही.